उदागावांची जमीन

उदागावा-सान फोनवर जराही रागावल्या नव्हत्या, आणि वनिताला धास्ती बसली ती त्याचीच.

तिचा मुलगा जय सांगत होता त्याप्रमाणे त्या म्हणाल्या होत्या, की पत्र मिळालं, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तिन्ही घरांच्या भावना आपल्याला नीट कळल्या. तेव्हा गुरुवारी भेटायला यायची तसदी कुणी घेऊ नये. अडतीस वर्षं टोकियोत काढल्यावर वनिताला एवढं समजत होतं, की इथला माणूस आवाज चढवून बोलला तर त्याची समजूत घालता येते. तसदी घेऊ नका म्हणाला, की त्याने दार लावून घेतलेलं असतं.

रविवारची सकाळ होती. फेब्रुवारी संपायला पाच दिवस उरले होते. जय खालच्या मजल्यावरून तसाच चपला न बदलता वर आला होता, मुलीला, मधुरिमाला, तिसऱ्या मजल्यावरून बोलावून घेतलं होतं, आणि रविकांत भाऊजी हीटरशेजारच्या खुर्चीत बसून संत्र्याच्या फोडींच्या शिरा काढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं.

"घाबरली आहे ती," ते म्हणाले. "रीतसर पत्र गेलं की सगळे मालक असेच गोड बोलायला लागतात. आमचा बिल्डर तर दिवाळीला मिठाई घेऊन आला होता."

घराची कहाणी सरळ होती. निशी-कसाईतली ही तीन मजल्यांची, तीन घरांची छोटी इमारत त्यांची होती, खालची जमीन मात्र उदागावांची. वनिताच्या नवऱ्याने, प्रल्हादने, आधी मधलं घर घेतलं. शेजारचे दोघे मित्र एकेक करून भारतात परतले तसं वरचं आणि खालचंही घेतलं, आणि पुढे ती दोन मुलांच्या नावावर करून दिली. जमिनीचं भाडं तो दर डिसेंबरात स्वतः नेऊन देई, थोरल्या उदागावांबरोबर तासभर बसे आणि येताना वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, नोरीची, पुडी घेऊन येई. प्रल्हादला जाऊन तीन वर्षं झाली. थोरले उदागावा गेल्या मे महिन्यात गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन. वारसा कर दहा महिन्यांत भरावा लागतो, त्यामुळे त्यांच्या मुलीला, म्हणजे या उदागावा-सानना, जमीन विकणं भाग होतं. एक कंपनी कागद तयार करून बसलीच होती.

तरीही जानेवारीत उदागावा-सान स्वतः जिना चढून वनिताकडे आल्या होत्या. वडील सांगून गेलेत, की जे राहतात त्यांना आधी विचार. जमिनीचे तुकडे करून विकता येणार नाही, तिन्ही घरांनी मिळून घ्यायची, आणि तिघांनीही मनापासून हो म्हटलं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत सांगा. त्या गेल्यावर वनिता देवासमोर बसून आनंदाने रडली होती. इमारतीला चाळीस वर्षं होऊन गेली होती, भूकंपाच्या प्रत्येक धक्क्याला जिन्यातली भेग बोटभर पुढे सरके. दुरुस्ती किंवा नवं बांधकाम करायचं तर जमीनमालकाची परवानगी हवी, आणि परक्याच्या जमिनीवर उभ्या घराला बँक कर्ज द्यायला नाखूश. कंपनी मालक झाली तरी त्यांना उद्या उठवू शकली नसती, हे खरं. पण कंपनीला घाई नसते. राहणारी माणसं म्हातारी होऊन कंटाळेपर्यंत ती वाट पाहू शकते. वनिता सदुसष्ट वर्षांची होती, आणि तिला या घरातून कुठेही जायचं नव्हतं.

हे सगळं सुरळीत पार पडत होतं, आणि मध्ये भाऊजींनी हात घातला.

रविकांत भाऊजी म्हणजे प्रल्हादचे थोरले भाऊ. दमयंतीवहिनी गेल्यावर ते पुण्याचं घर बंद करून इथे राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली होती. पुण्यात त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून नऊ वर्षं बिल्डरशी झुंज देऊन जमीन सोसायटीच्या नावावर करून घेतली होती. बिल्डर देत नसला तरी राहणाऱ्यांना कायद्याने जमीन मिळते ते डीम्ड कन्व्हेयन्स, हे दोन शब्द ते कुलदैवताचं नाव घ्यावं तसे घेत. उपनिबंधकाच्या कचेरीत घातलेल्या खेपा, गहाळ झालेले नकाशे, ऐन सुनावणीला आजारी पडणारा बिल्डर, हे सगळं घरात इतक्यांदा सांगून झालं होतं की जयची धाकटी मुलगीसुद्धा उपनिबंधक हा शब्द न अडखळता म्हणे. मालकीणबाई आपण होऊन जमीन द्यायला येते, याचा अर्थ भाऊजींनी त्यांच्या अनुभवाप्रमाणे लावला. बाई कायद्याने कोंडीत सापडली आहे. आता घट्ट धरलं तर भावही उतरेल.

म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. मधुरिमाला शेजारी बसवून त्याचं शब्दाला शब्द जपानी करून घेतलं. आणि ते साध्या टपालाने न पाठवता, मजकुराची प्रत टपाल कचेरीत राहते त्या खास टपालाने पाठवलं. पुण्यात सोसायटीचा सेक्रेटरी आठवड्याला दोन रजिस्टर पत्रं टाकतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथे असं पत्र दारात आलं की लोक समजतात, आता पुढचं पत्र वकिलाचं.

जयने पत्राची प्रत टेबलावर ठेवली. तो मुळात शांत मुलगा. चिडला की आणखी हळू बोलायचा, हे त्याने वडिलांकडून घेतलं होतं.

"काका, मी वॉर्ड ऑफिसच्या मोफत सल्ल्याला जाऊन आलोय," तो म्हणाला. "आपल्याला राहायचा हक्क आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. पण जमीन विकत मागायचा हक्क नाही. असा कायदाच नाही इथे. त्या देत होत्या ते त्यांच्या मनाने."

भाऊजींचा हात फोडीवरच थांबला. राहणारे एकत्र आले तरी त्यांना कायद्याने जमीन मागता येत नाही, असा देश असू शकतो हे त्यांना पटायला वेळ लागत होता. ते म्हणाले, की वॉर्डातले फुकटचे वकील काय सांगणार, नीट शोधलं तर कलम सापडेल. मधुरिमाही आधी त्यांच्याच बाजूने बोलली. जमीन मिळावी असं तिला सगळ्यांत जास्त वाटत होतं. नवं बांधकाम झालं की वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग काढायचं तिने ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, काकांनी निदान काहीतरी केलं, जय महिनाभर हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता.

"आणि हे?" जयने पत्राच्या तळाशी बोट ठेवलं.

तिथे तीन लाल शिक्के उमटले होते. वनिताचा, मधुरिमाचा, आणि जयचा.

 इथे माणसाचा शिक्का म्हणजे त्याचा शब्द. जो तो आपला शिक्का कुलपात ठेवतो, नवरा-बायकोसुद्धा एकमेकांच्या शिक्क्याला हात लावत नाहीत. पण प्रल्हादने घरातले सगळे शिक्के पहिल्यापासून एका डब्यात ठेवले होते, आणि डबा देव्हाऱ्याखालच्या खणात. मुलं वेगळी राहू लागली, संसार थाटले, तरी शिक्के तिथेच राहिले. नेऊन ठेवा असं तिला कधी म्हणावंसं वाटलं नाही. मागच्या सोमवारी भाऊजी म्हणाले, होकार रीतसर कळवतो, जरा डबा दे. तिने दिला. पत्रात काय आहे ते वाचलं नाही.

"एका घराचे तीन मजले," भाऊजी म्हणाले. "त्यात तुझा शिक्का, माझा शिक्का असं काय असतं रे?"

जयने पत्र आपल्याकडे ओढून घेतलं. ते पाहून मधुरिमाने बाजू बदलली. ती भावाशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, की जयला विचारलंय असंच काका म्हणाले होते. मग भाऊजी तिच्यावर उखडले, ती रडवेली झाली, आणि वनिताला सांगावं लागलं की डबा आपण दिला, न विचारता दिला, चूक आधी आपली. जयने आईकडे पाहिलं. ते पाहणं तिला फार लागलं. मग तो म्हणाला, की मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणणार होतो. माझ्या मजल्याचे पैसे कंपनीकडून घेऊन मोकळं व्हायचं माझ्या मनात होतं, गुरुवारी तेच सांगणार होतो.



"आत्ता जायचं उदागावा-सानकडे," शेवटी वनिता म्हणाली.

भाऊजींनी हात झटकले. खुलाशाचं दुसरं पत्र पाठवू, पहिलं पत्र गैरसमजातून गेलं असं लिहू, मसुदा मी करतो.

"भाऊजी, आता पत्र नको. पायांनी जायचं, आणि तुम्हीसुद्धा यायचं."

तिने भाऊजींना आजवर असं कधी सांगितलं नव्हतं. ते तिच्याकडे पाहत राहिले आणि निमूटपणे लोकरीची टोपी शोधायला उठले. जय म्हणाला, माफी मागायला येतो, पण त्यापुढचं आज मला काही विचारू नकोस. वनिताने मान हलवली.

वाटेत तिने योकानचा डबा घेतला, सगळ्यांत जड होता तो. लाल कडधान्याची ती घट्ट वडी हातात विटेसारखी लागते, आणि माफीला जाताना लोक मुद्दाम जडच डबा नेतात. भाऊजी म्हणाले, पुण्यात एवढ्यात दोन किलो पेढे आले असते. कुणी हसलं नाही, तरी वनिताला बरं वाटलं. ते घाबरले की असंच काहीतरी बोलत.

उदागावा-सानचं घर नदीच्या जुन्या बांधाजवळ होतं. त्यांनी दार उघडलं, चौघांना पाहून क्षणभर थबकल्या आणि मग, थंडीत कशाला आलात, असं म्हणून आत घेतलं. भाऊजींचे गुडघे पाहून त्यांना खुर्ची दिली. बाकी सगळे खाली चटईवर बसले. चहा आला. टेबलाच्या कडेला कंपनीचं मोठं पाकीट पडलेलं होतं, वनिताला ते पहिल्या नजरेत दिसलं.

जयने मान लववून माफी मागितली. त्याचं जपानी ऐकताना वनिताला नेहमी वाटे, की हा आपला मुलगा असून आपल्याहून किती नीट बोलतो. मग मधुरिमा पुढे सरकली, तिने दोन्ही हात चटईवर टेकून कपाळ खाली नेलं आणि म्हणाली, की भाषांतर माझं आहे, शब्द मी चुकीचे निवडले, काका असं काही म्हणाले नव्हते.

"मान वर करा," उदागावा-सान म्हणाल्या. "भाव कमी करा म्हणालात, ते चालतं. कायद्याचं लिहिलंत, तेही मला समजतं. एक ओळ मात्र मला समजली नाही. आमच्या कुटुंबाने या जमिनीसाठी आजवर काडीचेही कष्ट केले नाहीत, असं लिहिलंय."

 मग ज्या आवाजात चहा हवा का विचारलं होतं, त्याच आवाजात सांगू लागल्या. त्यांचे वडील नोरीवाले. थंडीत पहाटे समुद्रात उभं राहून शेवाळ काढायचं आणि किनाऱ्यावरच्या आपल्या जमिनीवर चौकटींवर वाळवायचं. पुढे शहरासाठी खालचं पाणी उपसलं गेलं आणि जमीन दर वर्षी खचत गेली. एक दिवस भरतीचं पाणी आत आलं ते ओसरलंच नाही. नोरीचा धंदा गेला, जमीन पाण्याखाली गेली. लोक हसायचे, कागद फाडून टाक म्हणायचे. वडिलांनी दुसऱ्यांच्या बांधकामावर मजुरी केली, पण कागद टाकला नाही. दर नव्या वर्षाच्या सकाळी ते होडी काढायचे, आपल्या जमिनीवर नेऊन थांबवायचे, थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे. बरीच वर्षं गेल्यावर सरकारने भर घातली आणि जमीन वर आली.

"मी सात वर्षांची होते," उदागावा-सान म्हणाल्या. "होडीतून वाकून खाली बघायचे. बाबा म्हणायचे, नीट बघ, हे आपलं आहे. मला फक्त पाणी दिसायचं."

मधुरिमाच्या माफीपासून वनिता हलक्या आवाजात भाऊजींना एकेक वाक्य मराठीत सांगत होती. होडीपर्यंत आल्यावर त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.  नऊ वर्षं त्यांनी मालक नावाच्या माणसाशी भांडण केलं होतं, आणि या मालकाचा बाप त्यांच्यासारखाच हट्टी निघाला होता. त्यांचा चेहरा असा उतरलेला वनिताने फक्त दमयंतीवहिनी गेल्या तेव्हा पाहिला होता.

मग ते खुर्चीचा आधार घेत, कण्हत, खाली चटईवर बसले. वनिता उठवायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"हिला सांग, पत्र माझं आहे. पोरगी खोटं बोलते आहे, ती मला वाचवते आहे. मी म्हणालो तेच तिने लिहिलं. आणि हेही सांग, की जयचा शिक्का मी मारला. त्याला विचारलं नव्हतं."

 पहिली तीन वाक्यं सांगता येण्यासारखी होती. शेवटचं सांगितलं की सगळंच संपत होतं. तिघांनी मनापासून हो म्हटलं पाहिजे, ही एकच अट होती, आणि तिघांतल्या एकाचा होकार चोरलेला निघत होता. भाऊजींना जपानी येत नव्हतं. ते वाक्य तिने गिळलं असतं तर त्यांना कळलं नसतं, उदागावा-सानना कळलं नसतं. मधुरिमा डोळ्यांनी विनवत होती, नको आई. जय खाली चटईकडे पाहत होता. त्याने काहीच मागितलं नाही, आणि त्यामुळेच तिला ते गिळता आलं नाही. सकाळचं त्याचं ते पाहणं तिला पुन्हा सहन झालं नसतं.

तिने सगळं सांगितलं. तिच्या त्या बाजारात आणि रांगांमध्ये शिकलेल्या जपानीत, अडखळत. आणि शेवटी स्वतःचं जोडलं, की शिक्के मीच काढून दिले, मुलाला न विचारता.

उदागावा-सान भाऊजींकडे पाहत होत्या. ते मान खाली घालून बसले होते, आणि त्यांच्या टकलावर टोपीचा वळ उमटला होता. त्या म्हणाल्या, की आजोबांना कुणीतरी वर बसवा, गुडघे दुखतील. मग त्या जयकडे वळल्या.

"म्हणजे तुम्हाला कुणी विचारलंच नाही. मग मी विचारते. तुम्हाला ही जमीन हवी आहे का?"

जयने घसा साफ केला. 

तो म्हणाला, की एप्रिलपासून आम्ही कावासाकीला राहायला जातोय. बायकोची बदली झाली, मुलींच्या शाळेचंही ठरलं. आईला अजून सांगितलेलं नाही, धीर होत नव्हता. आज इथे येईपर्यंत मला जमीन नको होती. जिथे राहायचं नाही तिथली जमीन कशाला, असंच वाटत होतं.

"आणि आता?"

"आता हवी आहे," जय म्हणाला. "राहणार नाही, पण घेणार आहे. कधी परत यावंसं वाटलं, तर कुणाची परवानगी मागायला लागू नये."

 उदागावा-साननी टेबलावरचं ते मोठं पाकीट उचललं, मागच्या कपाटात सरकवलं, आणि उद्या कंपनीला फोन करते म्हणाल्या. भावात मात्र एक येनही कमी होणार नाही, असं भाऊजींकडे पाहून त्यांनी बजावलं, तेव्हा त्यांच्या ओठाच्या कडेला हसू होतं. मधुरिमाने तोंडावर हात दाबून धरला. जय दोन्ही हात टेकून वाकला तो बराच वेळ वर आला नाही. उदागावा-सान ताजा चहा करायला आत गेल्या.

वनिता मराठीत सांगायचं विसरली होती, त्यामुळे भाऊजींना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. पाकीट गेलेलं तेवढं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी वनिताचं मनगट धरलं.

"काय झालं? काय म्हणाला तो?"



"जय कावासाकीला चाललाय, भाऊजी. एप्रिलमध्ये. सगळे."

"अगं, पण जमिनीचं काय?"

"ती मिळाली," वनिता म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू आलं.